बिनडोक्याचं मोडेम

आमचे शेजारी धकातेभाऊ कोणाच्या घरी गेले की पाणी मागत नाहीत, मोबाइल मागतात. अजून खुर्चीला पाठ टेकलेली नसते, तोच हात पुढे येतो. "आणा इकडं. मागं काय काय चालू हाये, पाहू द्या." फोन हातात पडला की अंगठा सपासप चालतो. तुम्ही सकाळी हवामान पाहिलेलं असतं, काल कोणाला तरी रस्ता सांगितलेला असतो, परवा एखाद्या साडीची किंमत पाहून गप्प बसलेल्या असता. ते सगळं मागच्या मागे जागं राहून फोनचं डोकं खात असतं, असं त्यांचं म्हणणं. एकेकाला ते बाहेर काढतात, फोन सदऱ्याला पुसून परत देतात आणि समाधानानं म्हणतात, "आता श्वास घेऊन राहिला तो." मग पाणी.

नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत या प्रकाराचं आता कोणाला काही वाटत नाही. नवा माणूस मात्र बिचकतो. मागे कोपऱ्यावरच्या आजोबांच्या तेरवीला भाऊ गेले. थोरल्या मुलासमोर हात जोडले, दोन चांगले शब्द बोलले आणि सवयीनं हात पुढे केला. तो बिचारा बाहेरगावी राहणारा. त्याला वाटलं, हा इकडचा काही रिवाज असेल. त्यानं मुकाट्यानं फोन काढून दिला. भाऊंनी तो साफ केला, परत दिला आणि "बाबूजी मोठे शांत मानूस होते" असं म्हणून पंगतीला जाऊन बसले.

मी सक्करदऱ्याच्या एका शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे भाऊ मला मॅडम म्हणतात आणि माझ्याशी बोलताना सुरुवातीची दोन वाक्यं पुस्तकातली बोलतात. तिसऱ्या वाक्याला दम लागतो आणि गाडी घरच्या भाषेवर येते. त्या भाषेत सगळ्यात मोठा शब्द म्हणजे लोड. दूध उतू गेलं, लोड. शेजारच्या पोरीला गणितात कमी मार्क पडले, लोड. कारण कानात गाणं, हातात पेन आणि डोळे टीव्हीत. गल्लीतले तीन रस्ते एकदम खोदून ठेवले आणि एकही पुरा झाला नाही, तेव्हा सगळे महापालिकेला शिव्या देत होते आणि भाऊ एकटे हळहळत होते, की त्या लोकांना कोणी समजावून सांगणारं नाही. "एका टायमाले एकच काम" हे त्यांचं सूत्र. ते स्वतः पाळतातही. दाढी करताना बातम्या ऐकणार नाहीत, चालताना फोन घेणार नाहीत. या सूत्राला अपवाद एकच, तो त्यांच्या तोंडाचा. हात कोणतंही काम करोत, तोंड चालूच. बोलण्याला भाऊ काम मानतच नाहीत.

या सगळ्याचं मूळ एका स्वस्तातल्या मोडेममध्ये आहे. आता मुलांना मोडेम म्हणजे काय हेही सांगावं लागतं. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. संगणकाचं बोलणं तारेवरच्या आवाजात बदलायचं आणि पलीकडून आलेल्या आवाजाचं पुन्हा बोलणं करायचं, यासाठी मध्ये एक यंत्र लागे, ते मोडेम. लाइन लागताना ते असं किंचाळायचं की रस्त्यावरचं कुत्रं उठून बसे. धकात्यांचं घराणं मूळ उमरेडचं, विणकरांचं. वडिलांचं आयुष्य हातमागावर गेलं, भाऊंनी मात्र माग सोडला, नागपुरात येऊन घराच्या पुढच्या खोलीत एसटीडी बूथ टाकला आणि पुढे त्याच खोलीत एक संगणक आणून बाहेर पाटी लावली: धकाते सायबर. एक संगणक, एक खुर्ची आणि वाट पाहणाऱ्यांसाठी एक बाक.

मोडेम संगणकाच्या पोटात बसणारं होतं, एवढंसं कार्ड. लाइन लागायची, पत्र निम्मं लिहून व्हायचं आणि लाइन पडायची. टेलिफोनवाल्यांना बोलावून झालं, तार बदलून झाली, मारुतीला नारळ फोडून झाला. शेवटी मोडेम विकणाऱ्या सीताबर्डीच्या दुकानदारानं हसत हसत खरं काय ते सांगितलं. महागातल्या मोडेमला स्वतःचं डोकं असतं. याला नाही. याला नुसते कान आणि तोंड. ऐकलेल्याचा अर्थ लावायचं आणि काय बोलायचं ते ठरवायचं काम हे संगणकाच्या प्रोसेसरकडून करून घेतं. संगणक दुसऱ्या कामात गुंतला, की याच्याकडे बघायला कोणी उरत नाही, आणि पलीकडचा वाट पाहून पाहून फोन ठेवून देतो. भाऊ त्या दिवशी फार खिन्न होऊन घरी आले. बिनडोक्याचं कोणी आपल्या घरात नांदतंय, हे त्यांना सहन होत नव्हतं.

पण एकदा कळल्यावर त्यांनी त्या बिनडोक्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. माझा भाऊ तेव्हा मस्कतला होता आणि मी त्याला पत्र लिहायला तिथे जात असे. पान उघडायला वेळ लागे, म्हणून मी मध्येच संगणकावरचा पत्त्यांचा डाव उघडून बसायची. लगेच पाठीमागून आवाज यायचा, "मॅडम, पत्ते मिटा. तुमच्या भावाचं पत्र अटकलं." मी पत्ते मिटायची. मग ते बाकावरच्या लोकांना गप्प करायचे आणि टेबलावरचा पंखाही बंद करायचे. लोकांच्या बोलण्याचा आणि पंख्याचा प्रोसेसरला काय त्रास, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, बाप मागावर बसला की घरात कोणी शब्द काढत नव्हतं, धागा चुकला की जन्मभर लुगड्यात दिसते. सगळे घामाघूम होऊन गप्प बसायचो, आणि गंमत म्हणजे लाइन टिकायची. पत्ते मिटल्यामुळे टिकत होती, पण श्रेय पंख्याला मिळायचं.

पुढे त्यांना असा शोध लागला, की कोणत्या कामाकडे आधी बघायचं हे संगणकाला सांगून ठेवता येतं. मग काय, भाऊंनी मोडेमला सगळ्यात वरचा मान दिला, लग्नात नवरदेवाच्या मामाला द्यावा तसा. लाइन लागली ती पडेचना. पण बाकीचंही काही हलेना. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला, अक्षर उमटेना, खिडकी मिटेना, संगणक बंदही होईना. मोडेम आपलं आरामात जोडलेलं, आणि ज्यासाठी जोडलं ते सगळं मेलेलं. भाऊ हात चोळत उभे. शेवटी आतून शोभाताई आल्या आणि भिंतीवरचं बटण बंद करून टाकलं. "एवढा मान देत असते का कोणाले," म्हणाल्या आणि पोळ्या करायला परत आत गेल्या.

शोभाताई म्हणजे भाऊंच्या पत्नी आणि माझी गल्लीतली पहिली मैत्रीण. अंगानं काटकुळ्या, बोलायला नेमक्या. घरातलं सगळं त्यांच्या डोक्यात. कोणत्या गिऱ्हाइकाचा मुलगा कुठे शिकतो, गॅस कधी संपेल, उमरेडच्या कोणत्या सुनेचं कोणाशी पटत नाही, भाऊंचा दुसरा चष्मा कोणत्या कपाटात आहे. भाऊ दिवसभर विचारत असत. शोभे, आज वार कोणता? शोभे, मी आंघोळ केली का? एका लग्नात पंगतीत वाढपी वांग्याची भाजी घेऊन आला, तर भाऊंनी त्याला थांबवून बायकांच्या पंगतीत निरोप धाडला, की मी वांगं खातो का ते विचारा. उत्तर आलं, नाही खात, पोटात आग होते. भाऊंनी ताटावर हात आडवा धरला.

आणि हेच भाऊ माणसांचे दोन प्रकार पाडत. एक खुदच्या डोक्याचे, दुसरे दुसऱ्याच्या डोक्यावर चालणारे. आमचे नगरसेवक दुसऱ्यात. पुण्याचे त्यांचे जावई दुसऱ्यात, त्यांचं सगळं मुलीच्या डोक्यावर. माझ्याबद्दल त्यांचं मत असं, की मॅडम खुदच्या डोक्याच्या आहेत, पण लवकर तापतात. स्वतःबद्दल त्यांना शंका नव्हती, ते पहिल्या प्रकारात. हे ते आमच्या ओसरीवर सांगत होते तेव्हा मी शोभाताईंकडे पाहिलं. त्या मटार सोलत होत्या. मान वर न करता हसल्या.

काळ बदलला, मोडेम गेलं, सायबर गेलं. त्याच खोलीत भाऊ मोबाइल दुरुस्त करू लागले. लोकांचे फोन फुकटात साफ करून द्यायची सवय तेव्हाची. बरं चाललं होतं.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी शोभाताई कूलरमध्ये पाणी भरत होत्या. बादली हातातून सुटली. आवाज ऐकून मी धावले, तेव्हा त्या भिंतीला धरून उभ्या होत्या आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. भाऊ शेजारी उभं राहून "शोभे, काय करू? शोभे, कोणाले फोन करू?" असं त्यांनाच विचारत होते. मी रिक्षा बोलावली.

वेळेवर पोचलो म्हणून जीव वाचला. हात-पाय हळूहळू ताळ्यावर आले, उजवा हात तेवढा दुबळा राहिला. बोलणं मात्र गेलं. कळत सगळं होतं. कोण आलं, कोण काय म्हणालं, सगळं. पण आतून शब्द निघत नव्हता. "ते" एवढा एकच शब्द शिल्लक राहिला होता आणि त्या एका शब्दावर त्या दिवस काढत होत्या. पाणी म्हणजे ते, मुलगी म्हणजे ते, दुखतंय म्हणजेही ते. डॉक्टर म्हणाले, हे सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. बोलणं यायचं असेल ते आत्ताच येईल, नंतर कठीण. नेमकं बोलणारी ती बाई "ते, ते" करत माझा हात दाबायची, तेव्हा मला घरी येऊन रडू यायचं.

आठवड्यातून एकदा एक वाचा-उपचार करणाऱ्या बाई येऊ लागल्या. त्यांनी भाऊंना समोर बसवून समजावलं. मेंदूला मार बसला आहे, त्याला एका वेळी फार काही झेपत नाही. एकानंच बोलायचं, सावकाश बोलायचं. टीव्हीचा, गर्दीचा आवाज नको. शब्द शोधायला वेळ द्यायचा. भाऊ ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या भाषेत बोलत होतं. "म्हंजे लोड उतरवायचा," ते म्हणाले. बाई म्हणाल्या, तसं म्हणा हवं तर.

दुसऱ्या दिवसापासून धकात्यांच्या घरात एकेक गोष्ट बंद होत गेली. टीव्ही बंद, मिक्सर बंद, दाराची घंटी काढून ठेवलेली. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ उघड्या पातेल्यात, ती दुपारपर्यंत शिजायची. नागपूरच्या वैशाखात त्यांनी दिवसाचा कूलरही बंद केला, कारण तो घरघर करतो. त्याऐवजी खिडक्यांना वाळ्याचे पडदे बांधले आणि हातानं पाणी मारत बसले. भाजीवाल्याला समज दिली. तो आमच्या दारापर्यंत ओरडत यायचा, धकात्यांच्या फाटकासमोरून मुक्यानं गाडी ढकलायचा आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा भेंडीपासून सुरुवात करायचा. पुण्याहून लेकीचा व्हिडिओ फोन आला की तिकडे लेक, जावई आणि नातवंडं एकदम "आजी, आजी" करायची. भाऊ फोन ठेवून देत आणि एकानं परत लावा म्हणून कळवत.

खरी परीक्षा उमरेडच्या मंडळींनी घेतली. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जायचं म्हणजे त्याची तोंडी परीक्षा घ्यायची. पलंगाभोवती कोंडाळं करायचं आणि एकेकानं वाकून विचारायचं, मले ओळखलं का? सांग बरं, मी कोण? तशी गाडीभर मंडळी शोभाताईंच्या थोरल्या जाऊबाईंना पुढे घालून आली. भाऊंनी फाटकातच हात पुढे केला आणि सगळ्यांचे फोन जमा केले. मग सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि सांगितलं, की एकेकानं आत जायचं, पलंगाजवळ बसायचं आणि काही विचारायचं नाही. मंडळी एकमेकांकडे बघू लागली. जाऊबाई तर उभ्याच राहिल्या. "मी इले लक्ष्मी म्हणून या घरात घेतली," त्या म्हणाल्या, "अन् तू मले लाइनीत बसवून राहिला का गा?"

मला वाटलं, आता वाजणार. पण भाऊंनी हात जोडले. "वहिनी, ते तुमाले ओळखते. पण तुमचं नाव तिच्या तोंडी येऊन नाही राहिलं. विचारलं का तिले लाज वाटते. मंग दिवसभर तोंड उघडत नाही."

जाऊबाई पदर सावरून एकट्या आत गेल्या, शोभाताईंचा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या आणि डोळे पुसत बाहेर आल्या. बाहेर येऊन त्यांनी बाकीच्यांना दम दिला, की आत कोणी तोंड उघडलं तर याद राखा.

एवढं सगळं करूनही शब्द येत नव्हता. मी रोज जायची, त्यामुळे काय होतंय ते मला दिसत होतं. शोभाताई ओठ जुळवायच्या, डोळे बारीक करायच्या, "ते…" म्हणायच्या, आणि आतून काहीतरी वर येतंय असं वाटायच्या आत भाऊ उठायचे. पाणी पाह्यजे? चष्मा? गोळी? उशी वर करू? पोरगीले फोन लावू? मळमळून राहिलं का? ते मनापासून विचारत, घाबरून विचारत, आणि थांबतच नसत. शोभाताई डोळे मिटून घ्यायच्या. मला बोलायचा धीर झाला नाही. शेवटी त्या वाचा-उपचाराच्या बाईंनीच सांगितलं, अगदी हळू सांगितलं. "भाऊ, घरातलं सगळं बंद केलंत. तुम्ही मात्र चालूच आहात."

त्या संध्याकाळी भाऊ आमच्याकडे आले. हात पुढे केला नाही. पायरीवरच बसले. मी पाणी आणलं, ते तसंच हातात धरून ठेवलं.

"मॅडम, मी लोकाइले नावं ठेवत राहिलो," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या डोक्यावर चालणारा तं मीच होतो. चष्मा तिले विचारू, वार तिले विचारू, मले भूक लागली का ते बी तिलेच विचारू. तिचं काम तिनं केलं, अन् माझं बी तिच्याच डोक्यानं केलं. इतकी वर्षं. मंग बसन नाही तं काय होईन ते डोकं?"

मी म्हटलं, भाऊ, असं नसतं. डॉक्टरांनी सांगितलं आहे, रक्तदाबानं झालं. त्यांनी मान हलवली. "तुमी म्हणता तं तसंच असन," म्हणाले, आणि पाणी न पिता ग्लास पायरीवर ठेवून गेले. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ घरात बोलेनासे झाले. कमी बोलणं वगैरे त्यांना जमणारं नव्हतंच. त्यांनी पूर्णच बंद केलं. चष्म्याला दोरी लावून गळ्यात घातला. भिंतीवर मोठं कॅलेंडर टांगलं आणि रोज सकाळी त्याच्यासमोर उभं राहून वार पाहू लागले. गोळ्या वेळेवर, जेवण वेळेवर, केस विंचरून देणं वेळेवर, सगळं मुक्यानं. काही विचारायचं झालं तर वस्तू उचलून दाखवत. ग्लास दाखवला म्हणजे पाणी हवं का. शोभाताई होकाराची मान डोलवायच्या किंवा नकाराची हलवायच्या. घरात पावलांचाही आवाज येईना. उपचाराच्या बाई म्हणाल्या, भाऊ, एवढंही नको, थोडं बोला. भाऊंनी मान डोलावली आणि बोलले नाहीत. ते बाहेरही गप्पच झाले. गल्लीतल्या फोनांमागे काय काय चालू आहे, याची चौकशी करणारं कोणी उरलं नाही, आणि खरं सांगते, आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

बाई यायच्या तेव्हा शोभाताई त्यांच्यासमोर थोडं बोलायला लागल्या होत्या. पाणी, हो, नाही, दार. माझ्याशीही एखादा शब्द. भाऊंशी मात्र काही नाही. त्यांच्याकडे त्या नुसत्या पाहत राहायच्या. भाऊ केर काढत असले की केराच्या दिशेनं, पडदे भिजवत असले की खिडकीच्या दिशेनं, नजर सतत त्यांच्यामागे फिरत असायची. मला वाटायचं, काही तरी हवं असेल. भाऊंनाही तसंच वाटे. ते आणखी वस्तू दाखवत.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी मी पातोडीच्या भाजीचा डबा घेऊन गेले. भाऊ जमिनीवर बसून तांदूळ निवडत होते. शोभाताई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. मी डबा ओट्यावर ठेवत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बो…"

भाऊ ताट बाजूला सारून उठले. ग्लास दाखवला. शोभाताईंनी मान हलवली, नाही. गोळ्यांचा डबा दाखवला. नाही. पंख्याच्या बटणाकडे बोट केलं, खिडकीकडे केलं, माझ्याकडेसुद्धा केलं. नाही, नाही. शोभाताईंचा चेहरा लाल झाला. बऱ्या हातानं त्यांनी गादीवर थाप मारली.

"बोला," त्या म्हणाल्या. अगदी स्वच्छ. भाऊ जागीच उभे राहिले. शोभाताईंनी श्वास घेतला आणि पुन्हा सगळं बळ एकवटलं. "बोला नं… जी."

मला तेव्हा कळलं, इतके दिवस ती नजर काय मागत होती. टीव्ही गेला होता, कुकर गेला होता, ते सगळं चाललं असतं. पण जन्मभर जो आवाज कानावर पडत होता तोही घरातून निघून गेला होता, आणि परत बोलावायला त्यांच्याकडे शब्द नव्हता. त्या एवढे दिवस तो शब्द शोधत होत्या. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती पुसली नाही.

भाऊंच्या हातात अजून ग्लास होता. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. या माणसाला बोलायला काही सुचत नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. शेवटी न वापरल्यानं बसलेला असा आवाज आला.

"काय बोलू, शोभे?"

शोभाताई शोधू लागल्या. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. भाऊंनी एकही शब्द पुढे केला नाही. मीही नाही. आम्ही दोघं उभं राहून वाट पाहिली.

"काही बी," त्या म्हणाल्या.